साखळीने सूर्य मोजताना

पोरी, आकड्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे माप कोणाचं? मोजणीखात्यात हयात गेली माझी. तिथे शिकलेलं बाकी सगळं एका पारड्यात आणि हा प्रश्न दुसऱ्या पारड्यात ठेवला, तर मी प्रश्नाचं पारडं उचलीन. तू आता तलासरीच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवणार. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे असं तू सांगशील, पोरं मान डोलावतील आणि दुसऱ्या दिवशी विसरतील. त्यांचा किलोमीटर हायवेच्या दगडावरचा, मनोर इतके नि वापी इतके एवढ्यापुरता. पण घरचा प्लॉट किती गुंठ्यांचा आहे, बांधावरचं ताडाचं झाड आपल्यात की शेजाऱ्यात, हे चौथीतलं पोर झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेल. म्हणून तू जेव्हा म्हणालीस की मामा, सूर्याचं अंतर साखळीत सांगता येईल का, तेव्हा मला तो पोरखेळ वाटला नाही. येतं सांगता. चांगलं नेमकं येतं.

आधी आपली साखळी. ती ३३ फुटांची. मुंबई इलाख्याची मोजणी १८३६ साली इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली. पुढे जी घडी बसली, तीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. यातली हुशारी तुझ्या ध्यानात येते का? साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांत. मध्ये फूट आणायचे नाहीत, भागायचं नाही, ४३,५६० हा एकराचा भला मोठा आकडा पाठ करायचा नाही. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी असेल तर ती क्षेत्राचा एक आणा, म्हणजे गुंठ्याचा सोळावा हिस्सा. मोजणीचं जुनं टिपण उघडून बघ, रेघांवर साखळ्या आणि आणेच लिहिलेले असतात. शेताचे त्रिकोण पाडायचे, पाया गुणिले लंब, त्याचं निम्मं, झाले गुंठे. चौथी शिकलेला माणूस बांधावर बसून तोंडी हिशेब करत असे, तो याच्याच जोरावर.

आता पहिला खड्डा. तुझ्या फोनमधल्या मापं बदलणाऱ्या सोयीत 'चेन' असं एक माप दिसेल. ती आपली साखळी नव्हे. ती एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाची, १६२० सालातली, ६६ फुटांची, शंभर कड्यांची. तिचे दहा चौरस म्हणजे एकर. आपली तिच्या बरोबर निम्मी. लांबीत निम्मी म्हणजे क्षेत्रात पाव, हे विसरलीस की एकराचे चार एकर होतात नाहीतर चाराचा एक. फोन म्हणेल, चंद्र एक कोटी एक्क्याण्णव लाख चेन लांब आहे. आपल्या साखळीत तेच अंतर तीन कोटी ब्याऐंशी लाख. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून तर म्हटलं, आधी विचार, माप कोणाचं.

आता माझी युक्ती घे, ही मला माझ्या वरच्या साहेबांनी दिलेली. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. म्हणजे किलोमीटरमध्ये शंभराला किंचित कमी साखळ्या बसतात, ९९.४२. तेव्हा किलोमीटरच्या आकड्याला दोन शून्यं लाव आणि हजारामागे सहा वजा कर. अगदी काटेकोर हवं तर पाच पूर्णांक आठ दशांश, पण सहा चालतात. सूर्याचं सरासरी अंतर, ज्याला खगोलीय एकक म्हणतात, ते २०१२ सालापासून ठरवूनच टाकलेलं आहे: १४९,५९,७८,७०,७०० मीटर, ना एक कमी ना एक जास्त. किलोमीटरमध्ये चौदा कोटी शहाण्णव लाख. दोन शून्यं लावली, १,४९६ कोटी. हजारी सहाच्या हिशेबाने नऊ वजा केले. राहिले १,४८७ कोटी साखळ्या. प्रकाश सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दोन कोटी अठ्ठ्याण्णव लाख साखळ्या. प्रकाशवर्ष हवं असेल तर नऊ कोटी चाळीस लाख कोटी साखळ्या, पण तो आकडा फळ्यावर लिहू नकोस. कोणालाच काही दिसणार नाही त्यातून, तुलाही नाही आणि मलाही नाही.

आणि शेपूट कापायला शीक. गणकयंत्र तुला सूर्याचं अंतर १४,८७,२९,२९,१६४ साखळ्या असं दाखवेल. तो शेवटचा १६४ कशाला हवा? जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैत दूर जाते, १५ कोटी २१ लाख. फरक पन्नास लाख किलोमीटरांचा, म्हणजे पन्नास कोटी साखळ्यांचा. पन्नास कोटी इकडेतिकडे होत असताना एकशे चौसष्टावर हट्ट धरणं म्हणजे निव्वळ हौस. टिपणातसुद्धा आण्याच्या खाली आम्ही उतरत नव्हतो, कारण बांधच मुळी एक आण्याहून रुंद असायचा.

आता मुलांना हे दाखवायचं कसं. त्यासाठी तुला घोलवड-बोर्डीकडे यायला हवं, चिकूच्या वाडीत. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुला माहीत असेल. त्या वाडीत शिरलीस की झाडं बघू नकोस, झाडांमधली जागा बघ. चिकू दहा मीटरवर लावतात, जुन्या लोकांच्या भाषेत ३३ फुटांवर. म्हणजे दर दोन झाडांमध्ये एक साखळी, आणि दर झाडाला एक गुंठा. एकरात चाळीस झाडं. मी वाडीत शिरलो की आधी ओळी मोजायचो, मग ओळीतली झाडं, गुणाकार करायचो आणि मालकाने तोंड उघडण्याआधी क्षेत्र सांगायचो. लोकांना वाटे मामाला काही सिद्धी आहे. मात्र सगळ्याच वाड्या सारख्या नसतात. जुन्या काही वाड्यांत तीस फूट सापडेल, काही ठिकाणी पस्तीसही. तेव्हा आधी दोन झाडांमध्ये टेप धरून खात्री कर. खोडाच्या मध्यापासून खोडाच्या मध्यापर्यंत धर, सालीपासून सालीपर्यंत नको, नाहीतर जुन्या झाडांत हातभर फरक पडतो.

खात्री झाली की एक लांब ओळ निवड, एकतीस झाडांची मिळाली तर उत्तम. पहिल्या झाडाशी सूर्य. दुसऱ्या झाडाशी पृथ्वी. एक झाड म्हणजे एक खगोलीय एकक, एवढाच नियम. बुध आणि शुक्र पहिल्या दोन झाडांच्या मधल्या जागेत, साखळीच्या सहा आण्यांवर बुध आणि साडेअकरा आण्यांवर शुक्र. मंगळ पृथ्वीच्या झाडापुढे अर्ध्या साखळीवर. मग चालत राहायचं. गुरू पृथ्वीपासून चौथं झाड ओलांडलं की थोडा पुढे, सूर्यापासून पाच साखळ्या तीन आणे. शनी साडेनऊ साखळ्यांवर. युरेनस एकोणिसाव्या साखळीच्या पुढे. आणि नेपच्यून तिसाव्या साखळीशी, जिथे वाडी संपून कुंपण लागतं. या मापात सूर्य साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे सोललेल्या नारळाएवढा. पृथ्वी एक मिलिमीटरहूनही लहान, खसखशीचा दाणा. आणि चंद्र त्या दाण्यापासून एक इंचावर. नारळ पहिल्या झाडाखाली ठेव, एका पोराच्या तळहातावर खसखशीचा दाणा देऊन त्याला दुसऱ्या झाडाखाली उभं कर. मग सांग, सूर्यापासून निघालेल्या प्रकाशाला या एका झाडावरून दुसऱ्या झाडापर्यंत यायला आठ मिनिटं एकोणीस सेकंद लागतात. घड्याळ लाव आणि खरोखर तेवढा वेळ सगळ्यांना गप्प उभं कर. आश्रमशाळेतल्या पोरांना आठ मिनिटं गप्प उभं करणं प्रकाशाच्या वेगापेक्षा अवघड, पण प्रयत्न कर. नेपच्यूनपर्यंत जायला त्याच प्रकाशाला चार तासांहून जास्त लागतात.

याच मापात प्रकाशवर्ष म्हणजे ६३,२४१ झाडं. ६३६ किलोमीटर. डहाणूहून सरळ रेघेत निघालीस तर जवळपास नागपूरपर्यंत चिकूची एकच ओळ. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरची ओळ, ती देशात मावत नाही. प्रकाशवर्षाचं हे नागपूर पोरांच्या लक्षात राहतं. कोटीचे कोटी राहत नाहीत.

दुसरा खड्डा लांबी आणि क्षेत्राचा. शिकलेली माणसंही यात पडतात. साखळी लांबीची, गुंठा क्षेत्राचा. 'चंद्र किती गुंठे लांब आहे?' असं पोराने विचारलं तर त्याला हसू नकोस, पण प्रश्न दुरुस्त करून घे. चंद्र किती लांब, हे साखळीत. चंद्राची जमीन किती, हे गुंठ्यात नाहीतर एकरात. ती साधारण तीन कोटी ऐंशी लाख चौरस किलोमीटर भरते, म्हणजे नऊशे चाळीस कोटी एकरांच्या आसपास. तिचे एकर-एकराचे कागद विकणारे लोक आहेत जगात, वाढदिवसाला भेट द्यायला बरे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही, तेव्हा त्या कागदाचा फेरफार कोणता तलाठी धरणार?

असाच मापांचा घोळ सातबाऱ्यावरही होतो. गुंठा आणि आर हे लोकांना एकच वाटतात. आर म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर, शंभर चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटर. लांबीत साखळी दहा मीटरहून अर्ध्या टक्क्याने मोठी, आणि क्षेत्रात तो अर्धा दुप्पट होऊन सव्वा टक्क्याच्या जवळ जातो. दोन-चार गुंठ्यांत काही कळत नाही. पण हेक्टरात ९८.८४ गुंठेच बसतात, शंभर नाही. सातबाऱ्यावर ०.४०.५० दिसलं की समज, चाळीस आर पन्नास चौरस मीटर, म्हणजे एक एकर आणि वर तीन चौरस मीटर. तलासरीत आणखी एक भर. तू सीमेवर आहेस. १९६० साली उंबरगाव तालुका गुजरातेत गेला आणि त्यातला तलासरीचा भाग इकडे राहिला. त्यामुळे पाहुणे पलीकडचे, सोयरिकी पलीकडच्या, आणि बोलण्यात विघा येतो. विघा ऐकलास की थांब. सौराष्ट्रातला विघा सोळा गुंठ्यांचा, दक्षिण गुजरातेत साडेतेवीस गुंठे धरतात. सांगणाऱ्याला विचारायचं, काका, तुमचा विघा किती गुंठ्यांचा? यात कमीपणा काही नाही.

आपल्या पूर्वजांचं मापसुद्धा या प्रश्नातून सुटत नाही, उलट तिथेच तो जास्त चावतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, मापांचं कोष्टक आहे. आठ यवांचं अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. आणि तिथेच जमिनीचंही माप आहे: दहा हातांचा एक वंश, म्हणजे वेळू, आणि चारही बाजूंनी वीस-वीस वंश असलेलं शेत म्हणजे एक निवर्तन. म्हणजे ग्रह-ताऱ्यांचं योजन आणि शेताचं निवर्तन, दोन्ही एकाच हाताने मोजलेली. योजनात बत्तीस हजार हात, निवर्तनाच्या एका बाजूत दोनशे. भागून टाक: एका योजनात निवर्तनाच्या एकशे साठ बाजू. तुला हवं होतं ना आकाशाचं माप जमिनीच्या मापात, ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वी इतक्या सोप्या भागाकारावर आणून ठेवलेलं आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याच्या विद्येसाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. कधी त्या बाजूला गेलीस तर जरूर बघ.

हात दीड फुटाचा धरला तर निवर्तन म्हणजे तीनशे फूट गुणिले तीनशे फूट, आपले साडेब्याऐंशी गुंठे, दोन एकर अडीच गुंठे. योजन होतं १,४५४ साखळ्यांचं, साडेचौदा किलोमीटरचं. इथवर छान. आता तेच भास्कराचार्य पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं सांगतात. साडेचौदाने गुणलंस तर बहात्तर हजार किलोमीटर येतात, आणि पृथ्वी तर चाळीस हजारांची. काय झालं? आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं सांगितला, भास्कराचार्यांनी १,५८१, सूर्यसिद्धान्तात १,६००. पृथ्वी काही फुगली नाही. योजन वेगवेगळं आहे. पृथ्वीचा खरा व्यास घेऊन उलटा हिशेब केलास तर आर्यभटाचं योजन बारा किलोमीटरच्या वर निघतं आणि भास्कराचार्यांचं आठच्या आसपास. म्हणून 'प्राचीन ग्रंथात अमुक योजनं लिहिलंय, ती तंतोतंत जुळतात' असं कोणी सांगायला आलं, की त्याला विचार, कोणाचं योजन आणि हात किती इंचांचा? बहुतेक वेळा हात उत्तराला जुळेल असा मागाहून कापलेला असतो.

निवर्तन मात्र कागदावरचं माप नव्हतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे, त्यात भिक्षूंना दोनशे निवर्तनं शेत दिल्याचं कोरलेलं आहे. वरच्या हिशेबाने चारशेहून जास्त एकर. आणि त्याच डोंगरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख, तो तर आपल्या घरचा. त्याने ज्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या त्यांची नावं दिली आहेत: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका. दाहानुका म्हणजे आपली डहाणूची खाडी-नदी. त्याच लेखात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळांचं दान आहे, आणि ते गाव म्हणजे उंबरगावजवळचं नारगोळ असं अभ्यासक मानतात. बत्तीस हजार झाडं एका साखळीच्या अंतराने एका ओळीत लावली तर किती लांब जातील, हा हिशेब पोरांना दे. ज्याचं उत्तर तीनशे बावीस किलोमीटर येईल त्याला माझ्याकडून एक शहाळं.

आता फोनचं बघू, कारण तलासरीत पोटाचा प्रश्न तिथे अडकलेला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन कसत आहात, ती चार हेक्टरांच्या मर्यादेत, असा त्याचा गाभा. चार हेक्टर म्हणजे नऊ एकर पस्तीस गुंठे. प्लॉटच्या मोजण्या जीपीएसवर झाल्या. आणि जीपीएस तुला मीटर देत नाही आधी, तो देतो अंश. अंश हे आकाशाचं माप आहे, पोरी. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर, तितका तुझा अक्षांश. वीस अंशांची रेघ डहाणूजवळूनच जाते. हात लांब करून मूठ धर, मुठीची रुंदी साधारण दहा अंश. उत्तरेला क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्यास की वर ध्रुव सापडतो. हे आधी दाखव, मग फोन उघड.

आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटर, रेखांशाचा १०४.६. त्याचे साठ भाग केले की कला, कलेचे साठ केले की विकला. विकलेच्या मापात अक्षांशाला तीन साखळ्या एक आणा भरतात, रेखांशाला पावणेतीन साखळ्यांहून दोन आणे जास्त. म्हणजे एक विकला चौरस जमीन पावणेनऊ गुंठ्यांच्या थोडी वर. दशांशात लिहिलेलं असेल तर चौथं घर म्हणजे आपली साखळी, थोडी सैल. पाचवं घर म्हणजे मीटरभर. म्हणून कागदावर दशांशानंतर चारच घरं लिहिली असतील तर पाचवं माग. चार घरांवर एक कोपरा निम्म्या साखळीने इकडेतिकडे झाला तर कोणाला कळणारही नाही.

आणि हे दोन लिखाणांचे प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नकोस. १९ अंश ५८ कला ३० विकला म्हणजे १९.९७५. ते कोणी १९.५८३० असं भरलं, तर प्लॉट त्रेचाळीस किलोमीटर दक्षिणेला, सफाळ्याच्या अक्षांशावर जाऊन पडतो. असे कागद मी पाहिलेले आहेत. ज्याचा तो कागद, त्या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि ज्याने भरला तो बदली होऊन गेलेला. आता आपल्या हातात एवढंच: पालक कागद घेऊन शाळेत आले की तू आकडे वाचून बघ.

फोन उघड्या माळावर तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली नि डोंगराच्या कुशीत जास्त. त्याचा परिणाम केवढा, ते एकदा करून बघ. दहा गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट, बाजू साडेएकतीस मीटरच्या थोडी वर. चारही हद्दी तीन-तीन मीटर बाहेर सरकल्या तर वर चार गुंठे वाढतात, आत सरकल्या तर साडेतीन गुंठे जातात. दहाचे चौदा नाहीतर साडेसहा. मोठ्या प्लॉटला हाच फरक कमी बोचतो, लहान माणसाला जास्त. म्हणून लहान तुकड्याला फोन नव्हे, टेप. डोंगरउतारावर टेप आडवा धरायचा, जमिनीला चिकटवून नाही. कागदावरचं क्षेत्र सपाट धरलेलं असतं. दहा अंशांच्या उतारावर साखळीमागे वीतभर जातं.

समुद्रावरचं एक सांगतो, झाईकडची पोरं असतील वर्गात तर कामाला येईल. नाविक मैल १,८५२ मीटरांचा, म्हणजे अक्षांशाची एक कला; साखळीत १८४. आणि तांडेल दोर नि पाण्याची खोली वावात मोजतात. वाव सहा फुटांचा धरलास तर साडेपाच वावांची एक साखळी. एकाच गावात आकाशाची कला, बंदरावरचा वाव आणि बांधावरची साखळी अशी तिन्ही मापं नांदतात आणि कोणी एकमेकांना ओळख दाखवत नाही. ती ओळख तू करून दे.

पार्सेकबद्दल विचारलं होतंस. त्याला घाबरायचं कारण नाही, ते खरं मोजणीदाराचं एकक आहे. नदीपलीकडचं झाड मोजायचं तर आम्ही काय करतो? अलीकडे एक पाया आखतो, दोन टोकांवरून झाडाकडे बघतो, कोन घेतो, अंतर काढतो, नदीत पाय न घालता. ताऱ्यासाठी पाया घेतात पृथ्वी-सूर्य अंतराचा, एक खगोलीय एकक. त्या पायावर कोन एक विकला झाला, तर तारा एक पार्सेक लांब, २,०६,२६५ खगोलीय एककं. व्याधाचा कोन ०.३८ विकला, एकला त्याने भाग, २.६ पार्सेक. एक विकला किती बारीक, ते आपल्या मापात बघ: एका साखळीचा पाया घेऊन एक विकला कोन हवा असेल, तर झाड २,०७५ किलोमीटर लांब असायला हवं. डहाणूहून कोलकातासुद्धा त्याहून जवळ आहे. तारे मोजणाऱ्यांची नजर किती तिखट असेल ते यावरून ताड.

आणि मे महिन्यात सुट्टी असली तरी गावातल्या पोरांना वीस तारखेच्या आसपास दुपारी बाहेर काढ. त्या दिवसांत सूर्य डहाणू-तलासरीच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत हेच मेच्या मध्याला होतं. मुंबईतल्या कोणा शिक्षिकेशी ठरवून घे: ज्या दिवशी तिची सावली शून्य, त्याच दुपारी तू ३३ फुटी उभ्या बांबूची सावली मोज. दक्षिण मुंबई आपल्यापासून अंशभर खाली आहे, तेव्हा सावली वीतभर येईल, साडेसतरा सेंटिमीटरांच्या आसपास, उत्तरेकडे. तेवढ्यावरून अंश मिळतो, अंशाच्या अकरा हजार साखळ्या, गुणिले तीनशे साठ, पृथ्वीचा घेर चाळीस लाख साखळ्यांच्या जवळ. दुसरी फेरी जुलैत तेवीस तारखेच्या सुमारास येते, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य कोणाला दिसलाय?

शेवटी साखळीचं. लोखंडी साखळी आता कुठे मिळणार नाही, मिळाली तरी घेऊ नकोस. जुन्या कड्या ओढून ओढून लांबलेल्या असतात. उन्हाने लोखंड वाढतं म्हणून लोक काळजी करतात, पण वीस अंशांनी तापलं तरी दहा मीटरला दोन-अडीच मिलिमीटरच वाढतं, त्यापेक्षा मध्ये पडणारा झोळ दसपट फसवतो. दोरीची साखळी कर. सुंभाची दोरी नको, पावसात भिजली की आखडते. नायलॉनची पातळ दोरी नको, ताणली की वाढते. होडीला लावतात तसला विणलेला जाड दोर बंदरावरून आण, चार दिवस वजन टांगून ताणून घे आणि मग कापायचा. आण्याच्या खुणांना गाठी मारू नकोस, प्रत्येक गाठ बोटभर दोर खाते. रंगीत चिंध्या शिवून घे, दर बासष्ट सेंटिमीटर नऊ मिलिमीटरवर एक, आठव्या आण्याला लाल. शाळेच्या व्हरांड्यात टेपने ३३ फूट मोजून फरशीवर दोन ठळक फुल्या कर. दोर बाहेर न्यायच्या आधी आणि परत आणल्यावर दोन्ही वेळा त्या फुल्यांवर धरून बघायचा, आणि हे काम दरवेळी वेगळ्या पोराला द्यायचं.